डेली सोपचे संवाद, कॉमिक आणि अर्धी कादंबरी, तिन्ही एकत्र सांभाळणारं कुणी आहे का इथे?

धायरीफाटा

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही म्हणून सांभाळून घ्या.

मी एका मराठी डेली सोपचे संवाद लिहितो. राहायला पुण्यात, धायरीला, आणि शूटिंग ठाण्यात घोडबंदर रोडवर. संवादलेखकाला रोज सेटवर जावं लागत नाही त्यामुळे घरून भागतं, अधूनमधून मीटिंग लागली की शिवनेरीने जायचं आणि रात्री परत. कथाविस्तार (म्हणजे गोष्ट पुढे कशी जाते ते) एकांकडे, पटकथा दुसऱ्यांकडे, संवाद माझ्याकडे. एपिसोड बावीस मिनिटांचा धरा, सात-आठ सीन, एकदा बसलो की चार-पाच तासांत होतो. लिहिण्याचा त्रास नाहीच मला, ते चार-पाच तास कुठले हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही हा त्रास आहे. पटकथा सकाळी यायची असते ती चॅनलकडून अप्रूव्ह होऊन संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला सीन हवा असतो. नाहीतर ईपींचा (म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा) फोन येतो की माईंचं काम करणाऱ्या बाईंची आज डेट मिळाली नाही, त्यांचा सीन फोनवर करून दे. आता त्या सीनमधे माई शेवटी सुनेच्या डोक्यावर हात ठेवतात आणि तेवढ्यासाठीच तो सीन आहे, फोनवरून हात कसा ठेवणार? मग माईंऐवजी सीन आत्याबाईंना द्यायचा, तर आत्याबाई परवाच्या एपिसोडपासून सुनेशी बोलत नाहीयेत, म्हणजे आधी त्यांचं मिटवणारे दोन संवाद घाला, म्हणजे पुढच्या दोन सीनमधे पण बदल. हे सगळं तासाभरात. मला हे काम आवडतं हेही सांगतो, सीन सापडला की फार छान वाटतं, घरही त्याच्यावरच चालतं.

दुसरं म्हणजे एका छोट्या प्रकाशनाने मुलांसाठी कॉमिक मागितलंय. ४८ पानी, रंगीत. सिंहगडावर दही विकणाऱ्या मुलीची रहस्यकथा, कल्पना माझीच, त्यांना खूप आवडली, चित्रकार ते देणार. करार मेलवर आलाय, सही बाकी आहे.

आणि तिसरी कादंबरी. पानशेतच्या पुरावर. १२ जुलै १९६१ ला आमची आजी शनिवार पेठेत होती, तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आलोय. निम्मी झालीये आणि गेल्या पावसाळ्यापासून पुढे सरकत नाहीये. एका मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली की चांगली आहे पण सगळी माणसं सारखी बोलतायत. बरोबर आहे तिचं, दिवसभर संवाद लिहिले की रात्री पण हात तिकडेच वळतो.

तर विचारायचं हे की असं तिन्ही करणारी माणसं दिवस कसा लावतात, का यातलं काहीतरी सरळ सोडावं लागतं? कॉमिकला टीव्हीची सवय उपयोगी पडते की आड येते? आणि मुंबईला शिफ्ट झालो तर फरक पडेल का? बायको म्हणते जायचं तर जाऊ, पण मलाच पुणं सोडवत नाहीये.

गुडलकचौक

मी लेखक नाही, वाचक आणि प्रेक्षक आहे, तरी लिहितो. सोडू बिडू काही नका. बाहेर लोक हे सर्रास करतात. अमेरिकेतला जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की घ्या, 'बॅबिलॉन ५' या टीव्ही मालिकेचे ११० पैकी ९२ एपिसोड त्याने स्वतः लिहिलेत, पुढे कित्येक वर्षं स्पायडरमॅनचं कॉमिक लिहिलं, कादंबऱ्या पण आहेत. आणि २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या फेब्रुवारीपर्यंत तिकडच्या लेखकांचा संप चालला तेव्हा टीव्ही-सिनेमाचं लिहिणं बंद होतं, पण कॉमिक आणि कादंबरी त्यांच्या संघटनेच्या, म्हणजे गिल्डच्या, कराराखाली येत नाहीत म्हणून ज्यांच्या हातात ती कामं होती त्यांचं लिहिणं चालू राहिलं. एकाच दावणीला सगळं बांधलेलं नसणं हे लेखकासाठी चांगलंच आहे असं मला मनापासून वाटतं.

पानशेतवरची कादंबरी मी विकत घेऊन वाचणार, एवढं नक्की.

बाणेरहून

धायरीफाटा, मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, संवाद, पटकथा, कथाविस्तार तिन्ही केलंय, मुंबईत राहून केलंय आणि पुण्यात राहूनही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गुडलकचौक यांच्या मुद्द्याबद्दल. उदाहरण खरं आहे, पण त्यातला हिशोब बघायला हवा. तिकडचा सीझन साधारण २२ एपिसोडचा असायचा. त्यांचा एपिसोड आपल्या दुप्पट लांबीचा धरला तरी आपले ४४ होतात. आपण आठवड्याला सहा देतो. म्हणजे त्यांचा एक अख्खा सीझन आपल्याकडे दोन महिन्यांच्या आत लिहून संपतो आणि तिसऱ्या महिन्यात सुट्टी नसते, पुढचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा पुढचा धागा, असतो. त्यांच्याकडे सीझन संपला की मधे वेळ मिळतो त्यात माणूस कॉमिक लिहितो, आपल्याकडे तो मधला वेळच नाही. म्हणून ते करतात मग आपणही करू असं धरून चाललात तर स्वतःवरच रागावत बसाल आणि त्यात तुमचा काही दोष नसेल.

आता दिवस कसा लावायचा. पहिलं म्हणजे आठवडा बघा, दिवस नंतर. बार्कचे आकडे, म्हणजे टीआरपी, गुरुवारी येतात. आकडे पडले की गुरुवारी संध्याकाळी चॅनलचा फोन, शुक्रवारी ट्रॅक बदलणार, लॉक झालेले सीन उघडणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्यामुळे गुरुवार दुपारपासून शनिवारपर्यंत दुसरं काहीही ठरवू नका, कादंबरीचं नाव पण काढू नका. सोमवार ते बुधवार सकाळ हा तुमचा काळ. लक्षात घ्या मी सकाळ म्हणतोय. पटकथा सकाळी येत नाही हे तुम्हीच लिहिलंय, ती संध्याकाळीच येते, मग सकाळभर तिची वाट बघत फोन हातात धरून का बसायचं? सहा ते नऊ कादंबरी, फोन दुसऱ्या खोलीत. उरलेल्या वेळात कादंबरी लिहू असं म्हणणाऱ्यांच्या कादंबऱ्या होताना मी बघितलेल्या नाहीत, कारण टीव्हीच्या कामाला विचारणारं माणूस आहे आणि कादंबरीला कुणी नाही, म्हणून थकलेला वेळ नेहमी कादंबरीच्याच वाट्याला येतो.

दुसरं, बँकेबद्दल, म्हणजे आधीच तयार असलेल्या एपिसोडच्या साठ्याबद्दल, भांडा. चांगल्या शब्दांत, पण भांडा. पाच-सहा एपिसोडची बँक असेल तर माईंची डेट नसली तरी दुसरा सीन उचलून शूट करता येतो, बँक शून्यावर आली की सगळा भार लेखकावर पडतो. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी बँक वाढवावीच लागते, त्या वेळी ईपी पण ऐकायच्या मूडमधे असतात, तेव्हाच बोलून घ्या की पटकथा निदान दोन दिवस आधी द्या. आणि जमत असेल तर संवादाला जोडीदार मागा. आठवडा दोघांत वाटून घेणं खूप मालिकांमधे चालतं. पैसे कमी होतात हे खरं, पण तीन दिवस कायमचे तुमचे होतात.

तिसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. मालिका कधीतरी बंद होणार, कधी महिन्याची सूचना मिळते कधी तेवढीही नाही. पण पैसे एपिसोड गेल्यावर साठ-नव्वद दिवसांनी यायचे असतात, म्हणजे लिहिणं थांबलं तरी पुढचे दोन-तीन महिने खात्यात काहीतरी येत राहतं. बहुतेक लोक त्या काळात घाबरून मिळेल ती पुढची मालिका धरतात. मी म्हणेन तेच महिने कादंबरीचे. त्याची तयारी आत्तापासून ठेवा, प्रत्येक पेमेंटमधला ठराविक हिस्सा बाजूला टाका, म्हणजे तेव्हा पहिल्या फोनला हो म्हणायची वेळ येणार नाही.

मुंबईचं म्हणाल तर संवादासाठी जाऊ नका. उद्या कथाविस्तार करायला लागलात, रोज चॅनलमधे बसायची वेळ आली, तर बघू. आणि कॉमिक मी तुमच्या जागी असतो तर आत्ता घेतलं नसतं, सहा महिने थांबा म्हटलं असतं. दोन अर्धवट गोष्टींपेक्षा एक पूर्ण झालेली बरी.

शाईची_दौत

मी कॉमिक्स आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, पुण्यातच. बाणेरहून यांचं बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही पटलं. कॉमिक आत्ताच करा असं मी म्हणेन, आणि ते कादंबरीच्याही फायद्याचं आहे. का ते सांगते.

टीव्हीचे लेखक कॉमिक लिहायला येतात तेव्हा त्यांचं पहिलं पान बहुतेक वेळा असं असतं: 'मुलगी मडकं उचलते, खाली चिठ्ठी दिसते, ती दचकून मागे बघते.' कॅमेऱ्यासाठी हे बरोबर आहे, एका शॉटमधे होईल. मला हे एका पॅनेलमधे, म्हणजे चित्राच्या एका चौकटीत, काढता येत नाही. पॅनेलमधे एकच क्षण मावतो. उचलतानाचा हात काढू, का चिठ्ठी काढू, का तिचा चेहरा काढू? तिन्ही हवं तर तीन पॅनेल लागतील, आणि पानावर पाच-सहाच पॅनेल असतात, म्हणजे अर्धं पान गेलं. मग लेखकाला ठरवावं लागतं की यातलं कुठलं दाखवायचं आणि कुठलं दोन पॅनेलच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत वाचणाऱ्याने स्वतः भरून घ्यायचं. मला विचाराल तर पहिल्या पॅनेलमधे मडक्याखालून डोकावणारा कागदाचा कोपरा, तिचं लक्ष गिऱ्हाइकाकडे. दुसऱ्यात ती पळत सुटलीये. चिठ्ठीत काय आहे ते पान उलटल्यावर.

पान उलटणं हे फार मोठं हत्यार आहे कॉमिकमधे. पुस्तक उघडं असतं तेव्हा डावं आणि उजवं पान एकदमच दिसतं, म्हणून धक्का उजव्या पानावर ठेवला तर डावीकडचं वाचायच्या आधीच नजर तिकडे जाते. धक्का डाव्या पानावर हवा, उलटल्या उलटल्या दिसेल असा, म्हणजे सम आकड्याच्या पानावर. तुम्हाला रोज एपिसोडच्या शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवायची सवय आहेच, ती इथे थेट उपयोगी पडेल, फक्त पानांचं गणित शिका. ४८ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडायचे मोठे कागद. प्रकाशक नंतर दोन पानं वाढवा म्हणाला तर ती तशी वाढत नाहीत, म्हणून आधीच सगळ्या ४८ पानांची यादी करा, कुठल्या पानावर काय घडतं, एकेका ओळीत. त्यात शीर्षकपान आणि श्रेयनामावलीचं पान त्यांच्या ४८ मधे आहे का वेगळं ते पण विचारून घ्या, गोष्टीला कधीकधी ४४ च उरतात.

आणि शब्द. बलूनमधे, म्हणजे बोलण्याच्या फुग्यात, पंधरा, फार तर वीस. देवनागरीला रोमनपेक्षा जास्त उंची लागते, वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, 'गुर्जींनी कुलूप' असं दोन ओळीत आलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, मग ओळींमधे जागा सोडावी लागते आणि बलून फुगतो आणि चित्र झाकलं जातं. मी कित्येक वेळा सुंदर काढलेला बुरूज बलूनखाली गेलेला बघितलाय. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या सेटिंगवर असेल तर युनिकोड टाकल्यावर जोडाक्षरं फुटतात, तेव्हा छापायच्या आधी लेटरिंगचं प्रूफ तुम्ही स्वतः बघणार हे आत्ताच ठरवून घ्या.

आता हे कादंबरीच्या फायद्याचं कसं, तर तुमची माणसं सारखी बोलतात ना? कॉमिकमधे तुम्हाला पानागणिक ठरवावं लागेल की हे बोलण्यातून सांगायचं का दिसण्यातून. ४८ पानं असं केलंत की कादंबरीकडे बघायची नजर बदलेल.

एक विनंती आहे, चित्रकार कोण आहे हे सही करायच्या आधी विचारा आणि त्याच्याशी बोला. 'चिंटू' १९९१ मधे 'सकाळ'मधे सुरू झालं ते चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून केलं होतं. कॉमिक हे दोघांचं काम आहे, स्क्रिप्ट एकाने टाकायची आणि चित्रं तिसऱ्याच माणसाने काढायची अशाने पुस्तक होतं पण त्यात जीव येत नाही.

नियम_अटी_लागू

वकील आहे, कॉपीराइटचं काम करतो. सगळे लिहिण्याबद्दल बोलतायत, मी कागदाबद्दल बोलतो, कारण सही बाकी आहे हे वाचलं.

आधी मालिकेचा करार काढा आणि त्यात तुमचं लेखन फक्त त्यांच्यासाठीच बांधलेलं आहे का ते वाचा. बऱ्याचदा अट दुसऱ्या मालिकेपुरती असते, पण काही करारांत 'कोणत्याही स्वरूपाचे लेखन' असे शब्द असतात. तसं असेल तर कॉमिक आणि कादंबरी यातून वगळल्याचं लेखी घ्या, मेलवर घेतलं तरी सुरुवातीला चालेल. तोंडी 'हो हो करा की' यावर जाऊ नका, ती माणसं बदलतात.

मग कॉमिक. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, २०१२ मधे त्यात लेखकांच्या बाजूने मोठ्या दुरुस्त्या झाल्या. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सही करूनच द्यावे लागतात, आणि कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी हे त्यात यायला हवं. काळ लिहिलेला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात काहीच केलं नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, ते हक्क सुटतात. म्हणूनच छापील करारांमधे 'सर्व माध्यमांत, सर्व भाषांत, जगभर, कायमस्वरूपी' हे वाक्य सापडतं, कारण ते वाक्य असलं की काळाचं आणि प्रदेशाचं संरक्षण गळून पडतं. तुमच्या मेलमधल्या करारात ते आहे का बघा. असलं तर तेवढं वाक्य बदलून मागा, लहान प्रकाशक बहुतेक वेळा ऐकतात, त्यांना सुद्धा तो मसुदा कुठून तरी मिळालेला असतो.

ती दही विकणारी मुलगी तुमची कल्पना आहे. तिच्यावर उद्या ॲनिमेशन होईल, वेब सिरीज होईल, दुसरा भाग होईल. छापील मराठी कॉमिकचे हक्क द्या, बाकीचे स्वतःकडे ठेवा. मालिकेतली पात्रं तुम्ही कितीही जीव ओतून बोलती केलीत तरी ती निर्मात्याची आणि चॅनलची राहणार, तो त्या कामाचा व्यवहारच आहे. तुमच्या मालकीचं असं जे काही होणार ते कॉमिक आणि कादंबरीतच होणार, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं ते हक्क घरच्यांकडे राहतात. म्हणून मला वेळेच्या हिशोबापेक्षा हा हिशोब मोठा वाटतो.

स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद नसाल तर व्हा. कथा-पटकथेची नोंदणी ऑनलाइन होते, प्रकाशकाला पाठवायच्या आधी कॉमिकची रूपरेषा नोंदवून ठेवा.

गोखलेनगर

मी तुला अरेतुरेच करते, माझा मुलगा तुझ्या वयाचा असेल. नोकरी करून तीन कादंबऱ्या लिहिल्यात मी, त्यातली एक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचली. पैशाचं आधी सांगते म्हणजे मनात भ्रम राहायला नको. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची. तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन, सगळ्या हजार प्रती खपल्या तर तीस हजार रुपये, तेही वर्षा-दोन वर्षांत मिळून. कादंबरी घर चालवणार नाही. ती लिहायची तर तुझ्या आजीसाठी आणि शनिवार पेठेसाठी लिही. मग टीव्ही चालू ठेवल्याचं वाईट वाटणार नाही.

माझं सगळं लहानपण पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलं, माझी आयडी बघच. आमच्या आईवडिलांनी पूर पाहिला, आम्ही पुरानंतरचं पुणं पाहिलं. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि खडकवासल्याचं धरण गेलं म्हणजे शहराचं पिण्याचं पाणीच गेलं. घरात चिखल आणि प्यायला थेंब नाही, हे आई कायम सांगायची. तू पुराच्या दिवसावर किती पानं खर्च केलीस माहीत नाही, पण नंतरच्या महिन्यांवर लिही. सामान वाळत घातलेलं, कागदपत्रं गेलेली, कुणाचं घर कुठलं होतं हे सिद्ध कसं करायचं, मग पेठेतला शेजार मोडून कुणी लोकमान्यनगरला कुणी गोखलेनगरला. तिथे तुझी माणसं आपोआप कमी बोलायला लागतील, कारण तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं.

आता बोलण्याबद्दल. तुझ्या पानावर बहुतेक असं असणार की 'आई, पाणी वाढतंय!' 'कुठवर आलं रे?' 'तिसऱ्या पायरीला!' हे मालिकेत हवं कारण तिथे पाणी दाखवायला पैसे नसतात, म्हणून माणसं सांगतात. कादंबरीत पाणी फुकट आहे. 'तिसरी पायरी दिसेनाशी झाली तेव्हा आजीने देवघरातले टाक उचलून पदराला गाठ मारली.' झालं. तू एक प्रकरण घे आणि त्यातले सगळे संवाद काढून टाकून परत लिही, मग जे संवाद रडत ओरडत परत येतील तेवढेच ठेव. आणि मी कादंबरी हाताने लिहायचे, वहीत. ऑफिसचं सगळं कॉम्प्युटरवर असायचं म्हणून. तुला टायपिंगला बसलं की सीन नंबर टाकावासा वाटत असेल तर वही घेऊन बघ, जयकर ग्रंथालयात जाऊन बस, तिथे जुन्या वर्तमानपत्रांचंही विचार.

बाणेरहून यांनी फार खरं लिहिलंय की कादंबरीला विचारणारं माणूस नसतं. तर ते माणूस तयार कर. गदिमांनी १९५५-५६ मधे पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहिलं, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं, आणि सिनेमाचं काम सोडून नव्हे. पलीकडे चाल लावणारे बाबूजी थांबलेले, रेडिओची वेळ ठरलेली. आपल्याकडे त्याला दिवाळी अंक आहेत, १९०९ पासूनची परंपरा आहे ही. बऱ्याच मराठी कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात आल्यात. दोन-तीन संपादकांना आत्ताच पत्र टाक की दीर्घकथेइतका भाग देतो, पूर्ण कथेसारखा वाचता येईल असा. साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात. एखाद्या संपादकाने हो म्हटलं की विचारणारं माणूस आलं.

धायरीफाटा

इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. गोखलेनगर ताई, कागदपत्रं गेल्याचं आजी पण सांगायची, मी ते एका वाक्यात उरकलंय, आता त्याचं प्रकरण करतो. आणि तुम्ही परवानगी दिलीत तर तुमच्या आईंच्या आठवणींबद्दल फोनवर बोलायला आवडेल.

बाणेरहून, जोडीदाराबद्दल ईपींशी या सोमवारी बोलतो. एक मुलगी आहे, चांगलं लिहिते, मीच नाव सुचवणार आहे.

करार काढून वाचला. कॉमिकमधे 'सर्व माध्यमांत, सर्व भाषांत' आहे, कायमस्वरूपी पण आहे. मालिकेच्या करारात 'अन्य वाहिनी अथवा ओटीटीसाठी' लिहायचं नाही एवढंच आहे, म्हणजे तिकडून मोकळा दिसतोय, बरोबर ना? कॉमिकचं ते वाक्य बदलून काय लिहू? आणि शाईची_दौत, पहिल्या काही पानांचं स्क्रिप्ट तुम्हाला दाखवलं तर बघाल का?

शाईची_दौत

बघेन की. पहिली आठ पानं पाठवा, पॅनेल नंबर टाकून, प्रत्येक पॅनेलला चित्राचं वर्णन वेगळं आणि बलूनचा मजकूर वेगळा. वर्णनात कॅमेरा घालू नका, क्लोजअप-लाँग शॉट हे चित्रकाराला ठरवू द्या, अगदीच गरज असेल तिथेच लिहा. आणि गडावर जाऊन फोटो काढून आणा, दहीवाल्या मावशी नेमक्या कुठे बसतात, मडकी कशात ठेवतात, डोक्यावर काय असतं, पुणे दरवाज्यातून वर आल्यावर पहिलं काय दिसतं. चित्रकार पुण्याबाहेरचा असेल तर याच्यावाचून त्याचं अडेल.

बाणेरहून

सोमवारीच बोला, गुरुवारनंतर नको. आणि शाईची_दौत, बलून आणि कादंबरीचा मुद्दा तुम्ही म्हणालात तो पटला मला. कॉमिक करू दे त्यांना, फक्त तारीख दिवाळीनंतरची घ्या.

नियम_अटी_लागू

मालिकेकडून मोकळे आहात, पण 'ओटीटी' शब्द आहे तेव्हा कॉमिकवर सिरीज करायचं कुणी म्हणालं तर या कराराची मुदत संपलीये का बघूनच पुढे जा.

कॉमिकच्या करारात ते वाक्य असं करा: 'लेखक या कथेचे केवळ मराठी भाषेतील छापील चित्रकथा स्वरूपातील प्रकाशनाचे हक्क भारतापुरते ५ वर्षांसाठी प्रकाशकास देत आहे. अन्य भाषा, श्राव्य, दृकश्राव्य, ॲनिमेशन, डिजिटल स्वरूप तसेच पात्रांवर आधारित पुढील कथा यांचे हक्क लेखकाकडे राहतील.' ते डिजिटलसाठी हट्ट धरतील. द्यायचं ठरवलंत तर ई-बुकपुरतं द्या आणि त्याची टक्केवारी वेगळी लिहून घ्या. मुखपृष्ठावर लेखक आणि चित्रकार दोघांची नावं येतील हेही त्याच कलमात घाला, आणि चित्रकाराचा करार तुमच्यापेक्षा वेगळा असेल तर त्याची प्रत मागून घ्या, कारण चित्रांतली ती मुलगी कुणाची हे त्या कागदावर ठरलेलं असेल.